बाळाची पुढची लस का राहते?

(बिबवेवाडीतील पालक-मेळाव्यात झालेल्या भाषणाचा लेखरूप गोषवारा)



बिबवेवाडीतून जाणाऱ्या स्वामी विवेकानंद मार्गाच्या दुतर्फा आज सुस्थित सोसायट्या उभ्या आहेत. तेथून थोडे वर चढले की अप्पर आणि सुपर इंदिरानगरची दाट वस्ती लागते आणि उत्तरेला उतरले की मार्केट यार्डाची पहाटेपासूनची वर्दळ. सोसायटीतला अभियंता, यार्डातला हमाल, घरकामाला जाणारी ताई आणि भाजीची हातगाडी लावणारा गृहस्थ, अशी सर्व थरांतील माणसे या एकाच उपनगरात राहतात. या सर्वांच्या घरांत एक गोष्ट मात्र सारखी आढळते. बाळाच्या जन्मानंतरची पहिली लस बहुतेक ठिकाणी वेळेवर टोचली जाते, पुढच्या लसी मात्र मागे पडतात. झोपडीत पडतात, तशा तीन खोल्यांच्या सदनिकेतही पडतात. ज्या बालकापर्यंत लस कधी पोहोचलीच नाही त्याचा प्रश्न वेगळा आहे आणि जे एकदा येऊन परत आले नाही त्याचा प्रश्न वेगळा. येथे विचार करायचा आहे तो या दुसऱ्या बालकाचा.

सात फेऱ्यांचा प्रवास

राष्ट्रीय लसीकरण वेळापत्रक पाच-सहा वर्षांपर्यंतच्या बालकासाठी ढोबळमानाने सात फेऱ्या सांगते. जन्मतः बीसीजी, पोलिओचे थेंब आणि चोवीस तासांच्या आत कावीळ 'ब'ची लस. त्यानंतर दीड, अडीच आणि साडेतीन महिने या तीन टप्प्यांवर पेंटाव्हॅलंट, पोलिओ आणि रोटाव्हायरस, तर त्यांतील पहिल्या व तिसऱ्या टप्प्यावर न्यूमोकॉकलची लसही. नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेलाची पहिली मात्रा. सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान गोवर-रुबेलाची दुसरी मात्रा आणि त्रिगुणी लसीची पहिली वर्धक मात्रा. पाच ते सहा वर्षांच्या वयात त्रिगुणीची दुसरी वर्धक मात्रा.

यांत गळती कोठे होते हे आकडेच सांगतात. २०१९ ते २१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील सुमारे ९५ टक्के बालकांना बीसीजी मिळाल्याचे दिसले. गोवराची पहिली मात्रा मिळालेली बालके सुमारे ८८ टक्के होती. दुसऱ्या मात्रेपर्यंत पोहोचलेली मात्र ६० टक्क्यांच्याही आतच राहिली. शंभर बालके प्रवासाला निघाली, त्यांतील चाळीसएक दीड वर्षाच्या वळणापर्यंत दिसेनाशी झाली, असा याचा सरळ अर्थ आहे. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर चौथ्या सर्वेक्षणात सुमारे ५६ टक्क्यांवर असलेले 'पूर्ण लसीकरण' पाचव्या सर्वेक्षणात ७३ टक्क्यांच्या पुढे गेले. ही प्रगती निश्चितच आनंददायक आहे. परंतु या हिशेबात 'पूर्ण' हा शब्द गोवराच्या पहिल्या मात्रेपाशीच थांबतो, हे ध्यानात ठेवले पाहिजे. दीड वर्षाची फेरी त्यात धरलेलीच नसते. पालकही नेमके हेच बोलतात : "नवव्या महिन्याची झाली, आता सगळ्या झाल्या."

एक मात्रा पुरेशी का नाही?

पुढच्या मात्रांची गरज तीन निरनिराळ्या कारणांनी असते आणि ती कारणे समजली नाहीत तर पुढची लस म्हणजे केवळ सरकारी सोपस्कार वाटू लागतो.

पहिले कारण पेंटाव्हॅलंटचे. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ 'ब' आणि हिब जंतूमुळे होणारा मेंदूज्वर व न्यूमोनिया या पाचांविरुद्धची ही लस पहिल्या मात्रेत शरीराला शत्रूची केवळ ओळख करून देते. दुसऱ्या आणि तिसऱ्या मात्रेने ती ओळख पक्की होते. मुलाने पाढा एकदा ऐकला म्हणजे तो पाठ झाला असे कोणतीही आई मानत नाही.

दुसरे कारण वर्धक मात्रेचे. पाठ झालेला पाढाही उजळणीवाचून विसरतो, तशी घटसर्प आणि डांग्या खोकल्याविरुद्धची शक्ती काळाच्या ओघात ओसरते. म्हणून दीड वर्षाला एकदा आणि शाळेच्या उंबरठ्यावर पुन्हा एकदा उजळणी.

तिसरे कारण गोवराचे आणि तेच सर्वांत कमी ठाऊक असते. आईकडून आलेली प्रतिद्रव्ये बाळाच्या अंगात काही महिने टिकतात आणि लसीच्या कामात अडथळा आणतात. त्यामुळे नवव्या महिन्यात टोचलेली पहिली मात्रा शंभरांपैकी सुमारे ८५ बालकांतच काम करते. उरलेल्या पंधरांना लस टोचली गेली, कार्डावर नोंदही झाली, पण संरक्षण मिळाले नाही. ते पंधरा कोणते, हे पाहून ओळखता येत नाही. म्हणून सर्वांनाच दुसरी मात्रा द्यावी लागते. ती उजळणी नव्हे, पहिल्या वेळी राहून गेलेल्यांसाठी ती दुसरी संधी आहे.

आता हिशेब करून पाहावा. शंभर बालकांच्या वस्तीत ८८ जणांना पहिली मात्रा मिळाली आणि त्यांतील ८५ टक्क्यांवर ती लागू पडली, तर प्रत्यक्षात सुरक्षित झालेली बालके होतात सुमारे ७५. गोवर हा अत्यंत वेगाने पसरणारा रोग आहे. संरक्षण नसलेल्या समाजात एक रुग्ण बारा ते अठरा जणांना तो देऊ शकतो. तो रोखायचा तर ९५ टक्के बालकांना दोन्ही मात्रा मिळाव्या लागतात. पंचाहत्तर आणि पंचाण्णव यांमधल्या दरीतून साथ शिरते.

ती कशी शिरते हे महाराष्ट्राने २०२२ साली पाहिले. त्या वर्षीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात मुंबईच्या गोवंडी परिसरात गोवराची साथ उसळली. मालेगाव आणि भिवंडीतही रुग्ण आढळले, बालके दगावली. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला बाधित भागांत नऊ महिने ते पाच वर्षांच्या बालकांना एक जादा मात्रा देण्याची आणि जेथे नऊ महिन्यांखालील बाळांतही रोग पसरला होता तेथे सहा महिन्यांपासूनच लस टोचण्याची सूचना द्यावी लागली. २०२० पासूनच्या महामारीत नियमित लसीकरणाला पडलेले खंड असे दोन वर्षांनी वसूल झाले. गोवर अंगावरचे पुरळ ओसरले की संपतो असेही नाही. त्याचा विषाणू शरीराने इतर रोगांविरुद्ध कमावलेली स्मृतीही पुसून टाकतो, हे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले आहे. गोवरातून उठलेले मूल पुढे कितीतरी दिवस न्यूमोनियाला आणि अतिसाराला बळी पडते, त्याचे एक कारण हे.

माहेर आणि सासर

मग पुढची लस राहते का? 'अज्ञान' हे सोपे उत्तर आहे, परंतु ते अपुरे आहे. जी आई दीड महिन्याच्या बाळाला कडेवर घेऊन केंद्रावर आली, तिला लसीचे महत्त्व कळत नव्हते असे कसे म्हणता येईल? ती एकदा आली होती. ती पुन्हा का आली नाही, हे शोधले पाहिजे.

पहिले कारण आपल्या कुटुंबपद्धतीतच आहे. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपली रीत फार चांगली आहे. लेकीला विश्रांती मिळते, बाळाला आजीचा हात मिळतो. परंतु जन्माची लस माहेरच्या गावी, दीड आणि अडीच महिन्यांची तेथल्याच उपकेंद्रात, आणि साडेतीन महिन्यांच्या सुमारास बाळ-बाळंतीण सासरी परततात, असा क्रम पडतो. माहेरची परिचारिका यादीत 'गावी गेले' अशी नोंद करते. सासरच्या वस्तीतील आशाताईंच्या यादीत मात्र हे बाळ अजून आलेलेच नसते. दोन याद्यांच्या मध्ये बाळ हरवते. कार्ड माहेरच्या कपाटात राहते ते वेगळेच. मार्केट यार्डात किंवा बांधकामावर कामाला आलेल्या आणि सणासुदीला, सुगीला गावी जाणाऱ्या कुटुंबांत हेच वर्षातून दोनदा घडते.

दुसरे कारण वेळेचे. लसीकरणाचे सत्र ठरलेल्या वारी, कामाच्या वेळेत होते. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या मातेची वेळही तीच. जन्मानंतरचे पहिले काही महिने ती घरी असते, म्हणून पहिल्या फेऱ्या होतात. दीड वर्षाच्या फेरीपर्यंत ती कामावर रुजू झालेली असते आणि सत्राचा एक दिवस म्हणजे तिचा एक खाडा. तो खाडा ज्यांच्या घरी पडतो ती घरे येथे बसलेल्यांपैकीच अनेकांची आहेत. कामवालीने सुट्टी मागितली असता कपाळावर आठी पडते, तेव्हा त्या आठीचा संबंध कुठल्यातरी बालकाच्या राहिलेल्या मात्रेशी असू शकतो, याची जाणीव प्रत्येक गृहिणीने ठेवावी.

तिसरे कारण तापाचे. पेंटाव्हॅलंट टोचल्यावर काही बाळांना ताप येतो, मांडी सुजते, बाळ रात्रभर किरकिरते. हे अपेक्षित असते आणि बहुधा एक-दोन दिवसांत ओसरते. परंतु हे आधी कोणी सांगितले नसेल तर घरातील वडीलधाऱ्यांचा निर्णय ठरलेला : "चांगलं खेळतं बाळ आजारी पाडलंत, आता पुढची नको." येथे दोष आजीबाईंच्या मायेचा नाही, न झालेल्या संवादाचा आहे. प्रत्येक टोचणीनंतर चार गोष्टी सांगाव्यात असे लसीकरण कार्यक्रमातच ठरलेले आहे. कोणती लस दिली व ती कशासाठी, काय त्रास होऊ शकतो व झाल्यास काय करावे, पुढची लस केव्हा व कोठे, आणि कार्ड जपून ठेवून पुढच्या वेळी आणावे. चार वाक्यांना एक मिनिट लागते. रांग मोठी असली की हेच मिनिट पहिले कापले जाते आणि पुढची फेरीही त्याबरोबर कापली जाते.

चौथे कारण परत पाठवण्याचे. बाळाला सर्दी आहे, नाक गळते आहे, म्हणून "बरे झाल्यावर आणा" असे सांगितले जाते किंवा पालकच तसे ठरवतात. साधी सर्दी, किरकोळ ताप वा जुलाब ही लस पुढे ढकलण्याची कारणे नव्हेत. गोवर-रुबेलाच्या लसीची कुपी अनेक मात्रांची असते आणि ती एकदा विरघळवली की चार तासांत वापरावी लागते. समोर एकच बालक असेल तर "पुढच्या वेळी या, चार मुले जमू देत" असे सांगण्याचा मोह होतो. कुपीतील उरलेल्या मात्रा वाया गेल्या तर चालेल. परत गेलेले बालक पुन्हा येईलच याची शाश्वती नाही.

पाचवे कारण गैरसमजाचे. १९९५ सालापासून पोलिओच्या रविवारी देशभर थेंब पाजले गेले. २०११ च्या जानेवारीतील हावड्याच्या रुग्णानंतर भारतात रानटी पोलिओ विषाणूचा रुग्ण आढळला नाही आणि २७ मार्च २०१४ रोजी आपला प्रदेश पोलिओमुक्त जाहीर झाला. प्रत्येक भारतीयाने अभिमान बाळगावा असेच हे कार्य आहे. पण त्याची एक सावलीही पडली. "रविवारी डोस पाजला" म्हणजे लसीकरण झाले, अशी समजूत अनेक घरांत रुजली. ते थेंब नियमित मात्रांच्या जोडीला होते, त्यांच्या जागी नव्हते.

सुशिक्षित घरांतील विसर

सुस्थित घरांत कारणे निराळी, परिणाम तोच. तेथे खासगी बालरोगतज्ज्ञांची वही असते. त्या वहीतील वेळापत्रक आणि सरकारी वेळापत्रक यांत काही फरक असतो. नोकरी बदलली, शहर बदलले, डॉक्टर बदलले की वही मागे पडते आणि पाच वर्षांची वर्धक मात्रा शाळाप्रवेशाच्या धावपळीत विसरली जाते. भ्रमणध्वनीवरून फिरणारे निनावी संदेश शंका पेरतात ते बहुधा याच घरांत. गोवराच्या लसीचा स्वमग्नतेशी संबंध जोडणारा १९९८ सालचा ब्रिटनमधील लेख तेथील नियतकालिकाने २०१० साली मागे घेतला. त्यावर उभारलेली भीती मात्र अजून मागे घेतली गेलेली नाही.

पुण्यातील अनेक घरांत पुष्य नक्षत्रावर बाळाला सुवर्णप्राशन देण्याची पद्धत आहे. सत्तावीस दिवसांनी येणारे नक्षत्र या माता चुकवत नाहीत, ही निष्ठा कौतुकास्पद आहे. पण सुवर्णप्राशन हा लसीला पर्याय नव्हे. घटसर्पाला आणि गोवराला नक्षत्राचे पथ्य नसते. दिनदर्शिकेत पुष्य नक्षत्रावर खूण करणाऱ्या मातेने त्याच दिनदर्शिकेत सोळाव्या महिन्यावरही खूण केली, तर दोन्ही साधेल.

यातच एका उपायाची दिशा आहे. आपल्याकडे बालकाच्या पहिल्या वर्षाला संस्कारांची ओळ आहे. बाराव्या दिवशी बारसे, सहाव्या महिन्याच्या सुमारास उष्टावण, मग पहिला वाढदिवस. आप्तेष्ट जमतात, बाळाकडे सर्वांचे लक्ष असते. वर्षाचा दिवस साजरा झाला की मात्र ओळ विरळ होते आणि दुसऱ्या वर्षातली दीड वर्षाची फेरी नेमकी त्या रिकाम्या जागेत पडते. तिला ना समारंभ आहे, ना निमंत्रण. मग पहिल्या वाढदिवसालाच पुढच्या लसीचा दिवस का ठरवू नये? औक्षण झाल्यावर कार्ड काढावे, तारीख लिहावी आणि ती घरातील सर्वांना सांगावी. ही जबाबदारी आत्या-मामांपैकी कोणीही घेऊ शकतो.

सक्ती नव्हे, विश्वास

पुण्याला रोगप्रतिबंधाचा इतिहास नवा नाही. १८९७ सालच्या प्लेगमध्ये रँडच्या कारकिर्दीत गोरे सोजीर घराघरांत शिरले, देवघरे आणि माजघरे तुडवली गेली. त्या वर्षीच्या २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीत त्याचा जो शेवट झाला तो सर्वांना ठाऊक आहे. त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात याच शहराजवळ सावित्रीबाई फुले प्लेगग्रस्तांची शुश्रूषा करता करता त्याच रोगाने गेल्या. आणि त्याच वर्षीच्या जानेवारीत वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची नवी लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. एकाच वर्षातील या तीन घटना एक गोष्ट शिकवून जातात. हुकूम घरात शिरू शकतो, पण मनात शिरतो तो विश्वास. आणि दुसऱ्या वेळी माणूस परत येतो तो केवळ विश्वासाने.

पुढे याच पुण्यात, हडपसरला, १९६६ साली सीरम इन्स्टिट्यूटची स्थापना झाली. तेथे तयार होणारी गोवराची लस जगातील कितीतरी देशांची बालके वाचवते. त्या कारखान्यापासून काही कोसांवर असलेल्या बिबवेवाडीतील एखादे बालक दुसऱ्या मात्रेवाचून राहावे, याला दारिद्र्य म्हणता येणार नाही. लस आहे, मोफत आहे, जवळ आहे. उणीव आहे ती शेवटच्या शंभर पावलांची.

काय करता येईल?

ही शंभर पावले सरकार एकटे चालू शकत नाही. २०१४ च्या डिसेंबरात सुरू झालेल्या मिशन इंद्रधनुषने राहिलेली बालके शोधून काढण्याचे मोठे काम केले. यू-विन या संगणकीय नोंदणीमुळे बाळाची माहिती आता कोणत्याही गावच्या केंद्रात पाहता येते आणि पुढच्या लसीचा संदेशही येतो. मात्र तो संदेश नोंदवलेल्या क्रमांकावर जातो. तो क्रमांक पित्याचा असेल आणि पिता दिवसभर यार्डात असेल, किंवा क्रमांकच बदललेला असेल, तर संदेश येऊनही पोहोचत नाही. तेथे माणूसच लागतो.

म्हणून प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या परिसरातील दहा घरे मनाशी धरावीत. घरात पाच वर्षांखालील मूल असेल तर एवढेच विचारावे, "कार्ड पाहू या का?" तारीख राहिली असेल तर रागावू नये, रागावलेल्या माणसाच्या दारात आई पुन्हा उभी राहत नाही. नव्याने आलेल्या सुनेच्या बाळाचे नाव आशाताईंच्या यादीत घालण्यास साहाय्य करावे. सत्राच्या दिवशी कामवाल्या भगिनीला पगारी सुट्टी द्यावी. सेवावस्तीत जाणाऱ्यांनी सत्राची वेळ मातांच्या सोयीची व्हावी म्हणून महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांशी बोलावे. आणि ज्यांचे मूल मागे पडले आहे त्यांना दिलासा द्यावा, की मात्रा राहिली म्हणून मालिका पहिल्यापासून सुरू करावी लागत नाही. जेथे थांबली तेथून ती पुढे चालू होते. गोवर-रुबेलाची लस पाच वर्षांपर्यंत आणि त्रिगुणी सात वर्षांपर्यंत या कार्यक्रमात मिळते. कार्ड हरवले असले तरी केंद्रावर जावे. कार्ड नाही म्हणून बालकाला परत पाठवायचे नसते. उशीर झाल्याच्या संकोचानेच कित्येक माता पुन्हा येत नाहीत. तो संकोच दूर करणे हेही लस टोचण्याइतकेच मोलाचे काम आहे.

बंधू-भगिनींनो, आज घरी गेल्यावर प्रत्येकाने प्रथम आपल्याच घरातील कार्ड उघडून पाहावे. त्यावर एखादा चौकोन रिकामा असेल तर तो याच महिन्यात भरावा. त्यानंतर शेजारचे दार वाजवावे.